तिसऱ्या टप्प्यावरच्या ताईंना

प्रिय ताई,

डोंगरफेरीत केलेल्या सोबतीचे आभार मानायला फोन केला तेव्हा "अगं, त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही माझ्या काळ्या पडलेल्या नखांची चौकशी सुरू केलीत. म्हणून आता चारचौघांत पत्र लिहितेय. इथे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये केझिक नावाचं गाव आहे. तिथल्या मूट हॉलच्या दारातून निघायचं, धावत-चालत ४२ शिखरं करायची आणि २४ तासांच्या आत त्याच दाराशी परत यायचं. अंतर साधारण १०६ किलोमीटर, आणि सगळे चढ मिळून सुमारे ८,२०० मीटर. फेरीचे टप्पे पाच, आणि टप्पा संपतो तिथे रस्ता लागतो, सोबती बदलतात. केझिकमध्ये गेस्ट हाऊस चालवणाऱ्या बॉब ग्रॅहम यांनी जून १९३२ मध्ये २३ तास ३९ मिनिटांत ही फेरी केली, म्हणून तिचं नाव बॉब ग्रॅहम राउंड. त्यानंतर थेट १९६० साली ॲलन हीटन यांनी ती २४ तासांत बसवली. मधली २८ वर्षं कोरडी गेली, यावरून काय ते समजावं. वाटेवर बाण नाहीत, रिबिनी नाहीत, छातीवर नंबर नाही, शेवटी मेडल नाही. नियम मोजकेच. पण बॉब ग्रॅहम क्लबच्या यादीत नाव लावायचं तर प्रत्येक शिखरावर तुमच्यासोबत कुणीतरी साक्षीला असावं लागतं. मला हा नियम फार आवडतो. ४२ शिखरांवर कुणाला तरी सोबत यायला सांगायचं म्हणजे आधी माणसं जोडावी लागतात.

माझ्या तिसऱ्या टप्प्याचा सोबती आदल्या आठवड्यात घोटा धरून बसला. ओळखीतून ओळख निघत तुमच्यापर्यंत निरोप पोहोचला, आणि तुमचं उत्तर एका ओळीत आलं: "वेळापत्रक पाठव, काय खातेस ते कळव." माझी तुमची भेटही झालेली नव्हती.

पहिले दोन टप्पे रात्रीत गेले. स्किडॉ, ब्लेंकॅथ्रा, हेल्वेलिनची लांबलचक धार, आणि शेवटी सीट सँडलवरून डनमेल रेजच्या खिंडीत उतरताना मांड्यांनी हात टेकले होते. पहाटेचे साडेतीन. खिंडीतल्या रस्त्यालगत तुमच्या गाडीचा दिवा दिसला. अशा वेळी बहुतेक लोक "कसं वाटतंय?" असं विचारतात. प्रेमानेच विचारतात, पण त्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं की माणूस खुर्चीत बसतो आणि बसला की उठत नाही. तुम्ही विचारलंत, "मोजे बदलायचेत की नाही?" मी हो म्हणेपर्यंत माझा एक बूट निघालेला होता.

ताई, तुमचं खरं कसब मला तिथेच कळायला लागलं. तुम्ही माझा धीर वाढवत बसला नाहीत. माझ्या डोक्यातून एकेक निर्णय काढून स्वतःच्या डोक्यात ठेवत गेलात. रात्रभर धावलेल्या माणसाचे पाय एकवेळ चालतात, पण एनर्जी जेलचं गोड पाकीट आत्ता घ्यावं की वर गेल्यावर, जॅकेट काढावं की राहू द्यावं, हे ठरवताना तो भर रस्त्यात उभा राहतो. अशी दोन-दोन मिनिटं ४२ शिखरांवर सांडली तर तासभर कसा गेला ते कळत नाही. तुमच्या घड्याळात दर अर्ध्या तासाला गजर होता. गजर झाला की माझ्या हातात काहीतरी यायचं. रॉसेट पाइकवर मीठ घातलेला मऊ भात आला, तेव्हा गोड खाऊन खाऊन विटलेल्या माझ्या तोंडाला पहिल्यांदा चव आली. प्रत्येक माथ्यावर दगडांच्या राशीला हात लावला की तुम्ही वहीत वेळ टिपायचात आणि वेळापत्रकापेक्षा आपण पुढे की मागे ते सांगायचात. "छान चाललंय" वगैरे नाही. "चार मिनिटं मागे. बोफेलपर्यंत काही करायचं नाही." एवढंच.

हाय रेजवर ढग खाली आला. ते पठार म्हणजे नुसतं गवत, सगळीकडे सारखंच. माझ्या मनगटावर जीपीएस घड्याळ होतं आणि त्यात अख्खा मार्ग भरलेला होता. पण आपण चुकलोय हे घड्याळ चुकल्यावर सांगतं, आणि तोवर माणूस भलत्या सोंडेवर शंभरेक पावलं उतरलेला असतो. तुम्ही होकायंत्र छातीशी धरलंत, दिशा लावलीत आणि मला म्हणालात, "माझ्या टाचांकडे बघ, आजूबाजूला बघू नकोस." मी टाचांकडे बघत राहिले. हॅरिसन स्टिकलचा कातळ धुक्यातून थेट समोरच उभा राहिला, तेव्हा तुम्ही साधं वळूनही पाहिलं नाहीत. मी मात्र मनातल्या मनात दंडवत घातला.

तिसरा टप्पा पंधरा शिखरांचा, आणि सगळ्यांत खडकाळ. ग्रेट एंडपासून पुढे गवत संपतं आणि मोठमोठ्या दगडांचा पसारा सुरू होतो. ओल्यात तिथे धावणं हा शब्दच बाद, हातापायांवर जायचं. स्कॉफेल पाइक, ९७८ मीटर, इंग्लंडचं सर्वांत उंच टोक. तिथे आपण किती थांबलो? वहीत वेळ लिहिण्यापुरतं.

आणि मग मिकलडोरची खिंड. ज्यांनी ही जागा पाहिलेली नाही त्यांना सांगते: समोर स्कॉफेलचा माथा जवळ दिसतो, पण मधे ब्रॉड स्टँड नावाचा कातळटप्पा आडवा येतो. उंची फार नाही, पण खाली घसरलं तर थांबायला जागा नाही. कवी कोलरिज १८०२ साली हाच टप्पा वरून खाली उतरला होता, केवळ नशिबाने. अनेक जण इथे दोर लावून चढतात, माझ्यासाठीही दोघे जण दोर घेऊन थांबले होते. दुसरा मार्ग फॉक्सेस टार्नचा: कमावलेली उंची सोडून एस्कडेलच्या अंगाला उतरायचं आणि दगडांच्या ओल्या नाळेतून पुन्हा वर यायचं. अशा वेळी उतरणं जिवावर येतं. मी म्हणाले, दोर आहे ना, जाऊ या. तुम्ही कातळावर तळवा ठेवलात, पाण्याचा ओघळ बघितलात, दोरवाल्यांना "थँक यू, आज नको" म्हणालात आणि उतरायला लागलात. चर्चा नाही. मी पुटपुटत मागे. आज सांगते, त्या नाळेत मी तुमच्यावर चिडलेले होते, आणि ते तुम्हाला कळत होतं. तुम्ही पावलांचा वेग तेवढा जरा कमी केलात.

स्कॉफेलवरून वॉसडेलपर्यंतचा उतार नऊशे मीटरच्या आसपासचा, बराचसा घसाऱ्याचा. तिथे गेलेली मिनिटं थोडी भरून निघाली. वॉसडेल हे फेरी सोडून देण्याचं प्रसिद्ध ठिकाण आहे. तिथे गाड्या असतात, गरम चहा असतो, आणि समोर योबॅरोचा चढ छाताडावर उभा असतो. तुम्ही मला बसू दिलंत ते पाठ योबॅरोकडे करून. मला वाटलं, सहज. नंतर चौथ्या टप्प्याच्या सोबत्याने सांगितलं की तुम्ही त्याला वही देताना काय काय बजावलं होतंत: जेल देऊ नको, भात अजून आहे, उतारावर डावा गुडघा कुरकुरतोय, आणि "सोडू का असं विचारलं तर होनिस्टरला बघू म्हण". होनिस्टर म्हणजे चौथ्या टप्प्याचा शेवट. मी विचारलं होतं, ताई. पिलर शिखराच्या अलीकडे. त्याने शब्दशः तेच उत्तर दिलं.

बाकी काय सांगायचं? मूट हॉलच्या दाराला हात लागला तेव्हा २४ तासांतली थोडीच मिनिटं शिल्लक होती.

मला बराच उशिरा कळलं की तुमची गाडी डनमेल रेजलाच राहिली होती. डोंगरातून आपण काही तासांत वॉसडेलला आलो, पण रस्त्याने परत जायचं तर अख्ख्या डोंगररांगेला वळसा. तुम्ही कुणाच्या तरी गाडीतून, ओल्या बुटांनी तो केलात आणि मला ओ की ठो कळू दिलं नाहीत. यादीत नाव आलं ते माझं. स्पेनचा नामांकित डोंगरी धावपटू किलियन जॉर्ने याने २०१८ मध्ये १२ तास ५२ मिनिटांत ही फेरी केली, त्याची बातमी जगभर झाली; त्याच्यासोबतही टप्प्याटप्प्यावर तिथले स्थानिक धावपटू होते, ते किती जणांना ठाऊक आहेत?

तर ताई, मनापासून आभार. आणि लगेच एक काम. पुढच्या जूनमध्ये एका मुलीला मी तिसऱ्या टप्प्यावर सोबत करायचं कबूल केलंय. रॉसेट पाइकवरून बोफेलकडे तिरकी चढणारी ती वाट, इथले जुने डोंगरी धावपटू बिली ब्लँड यांच्या नावाची, नेमकी कुठून पकडायची ते मला अजून नीट उमगलेलं नाही. त्या दिवशी मी तुमच्या टाचांपलीकडे काही पाहिलंच नाही. ढग नसेल अशा एखाद्या रविवारी दाखवायला याल का? या वेळी परतीची गाडी माझी.

तुमची,
वहीतली ती सदैव चार मिनिटं मागे असलेली