दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर काकूंना

काकू,

हे सगळं खाली येऊन तोंडावर सांगितलं असतं. पण दुसऱ्याच वाक्याला तुम्ही 'बस, चहा टाकते' म्हणून आत गेला असतात, आणि मी चहा पिऊन, इकडचं तिकडचं बोलून वर आले असते. गेल्या महिन्यात दोनदा असंच झालंय. म्हणून लिहितेय, आणि चारचौघांत लिहितेय, कारण यातलं थोडंफार आपल्याच बिल्डिंगमधल्या काही जणांनी वाचायला हवं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याच्या रिकाम्या क्रेटमध्ये कुत्र्याचं पिल्लू सापडलं, आमचा तिळू. डॉक्टरांनी दात बघून दीड-दोन महिन्यांचा असेल म्हणाले आणि लगेच बजावलं, की लशी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचा होईपर्यंत, याला रस्त्यावर उतरवायचं नाही. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणारा जुलाब-उलट्यांचा आजार, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे शी-सू सगळं घरात. डोंबिवलीतला वन बीएचके, तिसरा मजला. मी म्हटलं, पॅड मिळतात की, त्यात काय!

पॅडच्या पाकिटावर एक गुबगुबीत सोनेरी पिल्लू शहाण्यासारखं मधोमध बसलेलं असतं. आमच्या तिळूने पहिला पॅड फाडला, आतला कापूस हॉलभर उडवला आणि मग शांतपणे जाऊन दाराजवळच्या पायपुसण्यावर सू केली. पायपुसणं उचललं तर बाथरूमसमोरच्या पायपुसण्यावर. ते उचललं तर माझ्या योगा मॅटवर. रात्री अडीचला एकदा, साडेचारला एकदा. मी दिवसातून पाच-सहा वेळा फिनाइलने लादी पुसत होते. घराला सरकारी दवाखान्यासारखा वास यायला लागला होता (हे तुम्हाला लागू नये, पण तुम्हीच हसत म्हणाला होतात).

मदत मागितली नाही असं नाही. पंधराशे रुपये घेऊन एक ट्रेनर आले. अर्ध्या तासात त्यांनी निदान केलं, की हा कुत्रा 'डॉमिनंट' आहे, मालक कोण ते त्याला दाखवून द्या, जिथे करेल तिथे नाक घासा. दोन किलोचा जीव तो, कोणावर हुकूमत गाजवणार होता कोण जाणे. पण मी थकले होते, आणि पैसे दिलेल्या माणसाचं ऐकावंसं वाटतं. मी घासलं त्याचं नाक. एकदाच, पण घासलं. त्या दिवसापासून तो सोफ्याच्या मागे जाऊन करायला लागला.

बिल्डिंगच्या ग्रुपवर तर विचारूच नका. 'कुत्रा पाळणाऱ्यांनी इतरांचा विचार करावा', त्याखाली अकरा अंगठे. तिळूने तोवर जिन्याची एक पायरी पाहिली नव्हती. मीही पेटले. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, ही भारतीय पशुकल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक सूचना शोधून ग्रुपवर टाकली. सगळे गप्प झाले. कायदा माझ्या बाजूने होता, आणि जिन्यात भेटल्यावर ओळख दाखवायलाही कोणी तयार नव्हतं.

आणि अशातच तो मंगळवार. घरातून वास जावा म्हणून मी त्याची जागा गॅलरीत केली होती. गॅलरी धुतलेलं पाणी जायला वीतभर पाइप बाहेर काढलाय ना, त्याचा मला विचारच सुचला नाही. दुपारी बेल वाजली. दारात तुम्ही, हातात घडी घातलेली पांढरी चादर, कोपऱ्याला पिवळा डाग. मी मनातल्या मनात ते 2015 चं पत्रक पुन्हा उघडलं, खोटं कशाला बोलू. तुम्ही म्हणालात, "सारखी सारखी करतो का गं? की एकदम भरपूर?"

पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईचा प्रश्न. मला उत्तर येईना, कारण मी कधी बघितलंच नव्हतं. मी फक्त पुसत होते.

मग तुम्ही फ्रिजवर कागद लावलात. पेशंटचं करतात तसं, पाणी किती वाजता, खाणं किती वाजता, सू किती वाजता. मी मनात म्हटलं, आता एवढंच राहिलं होतं. तीन दिवसांत कागदाने सगळं सांगितलं. झोपेतून उठला की लगेच. खाल्ल्यावर पाव तासात. खेळता खेळता एकदम थांबून जमीन हुंगायला लागला, की धावायचं. या वयाच्या पिल्लाला दोन-तीन तासांच्या वर धरवतच नाही, हे डॉक्टरांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण तुम्ही म्हणालात तेव्हा ते डोक्यात गेलं: "पेशंटला 'आवर' म्हणून आवरता येत नाही. बेडपॅन वेळेवर नेणं हे आपलं काम." आणि नाक घासल्याचं मी रडत सांगितलं, तेव्हा ओरडला नाहीत. एवढंच म्हणालात, "त्याला काय कळलं सांगू? सू करणं गुन्हा नाही, तुझ्यासमोर करणं गुन्हा आहे." फिनाइलने वास आपल्याला जातो, त्याला नाही, हेही तुमचंच. नव्या पॅडखाली जुन्याचा जरासा ओला तुकडा ठेवायचा, हेही. बाकीचे बारकावे इथे लिहीत नाही, ज्यांना हवे असतील त्यांनी चहाच्या वेळेला तुमच्याकडे जावं.

संध्याकाळी तुम्ही पुन्हा वर आलात, अंडरपॅडची दीड पाकिटं घेऊन. 60 बाय 90 सेंटिमीटरचे, माणसांचे. पिल्लांच्या पॅडसारखेच, वर मऊ, आत शोषून घेणारं, खाली प्लास्टिक. "फोडलेलं पाकीट मेडिकलवाला परत घेत नाही," म्हणालात.

काका चौदा महिने अंथरुणावर होते. त्या चौदा महिन्यांत मी तुमच्याकडे किती वेळा आले? एकदा, संत्री घेऊन, दारातूनच. ग्रुपवरच्या त्या अकरा अंगठ्यांवर मी इतकी चिडते, पण तेव्हा माझा तर अंगठाही उठला नव्हता. हे तुम्हाला आठवत नसेल असं नाही. तुम्ही ते वर येताना खालीच ठेवून आलात.

पण काकू, हे पत्र चार्टसाठी नाही, आणि पॅडसाठीही नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी माझा चिमटा खाली पडला, तो कुठे अडकलाय ते बघायला मी ग्रिलमधून वाकले. तुमची दोरी जागेवर नव्हती. आम्ही इथे राहायला आल्यापासून ती उजवीकडच्या हुकाला बघतेय, बरोबर आमच्या पाइपाखाली, जिथे दुपारपर्यंत ऊन असतं. ती आता डाव्या टोकाला, बाथरूमच्या खिडकीशी बांधलेली होती. तिथे दहानंतर ऊन नाही. तुमच्या चादरी संध्याकाळी दमट काढलेल्या मी त्याआधी पाहिल्या होत्या, कारण मात्र डोक्यात आलं नव्हतं.

तुमचा उजवा खांदा वर जात नाही. स्टुलावर चढून ती नायलॉनची गाठ सोडायला तुम्हाला किती वेळ लागला असेल, कोण जाणे. आणि तुम्ही मला एका अक्षराने बोलला नाहीत. 'तो शिकेपर्यंत मी सरकवते' असंही नाही. तसं म्हणाला असतात तर मी शंभरदा माफी मागितली असती, आणि तुमच्या प्रत्येक ओल्या चादरीगणिक तिळूवर खेकसले असते. त्याला शिकायला जो वेळ मिळाला, तो त्या गाठीमुळे मिळाला. मी तशीच वाकून उभी राहिले. तिळू मागून माझ्या सलवारची नाडी चावत होता.

लोक म्हणतात, शेजारधर्म उरला नाही. मला वाटतं तो असतो, पण आपण खाली वाकून बघत नाही, आणि चांगली माणसं वर बघून हाका मारत नाहीत. गोंगाट सगळा बाकीच्यांचाच. असो, हे जरा जास्तच होतंय, तुम्ही आत चहा टाकायला निघाला असाल.

तर कळवायचं ते हे. तिळूचा शेवटचा डोस मार्चअखेर झाला. सकाळ-संध्याकाळ आता तो खाली जातो. त्या ट्रेनरच्या सोसायटीवरूनच जातो आम्ही, मुद्दाम. रात्री लागलीच तर हॉलच्या कोपऱ्यातल्या पॅडवर स्वतः जातो, करतो, आणि येऊन माझ्या पायाला नाक लावून सांगतो. हो, तेच नाक. गॅलरीत एकोणीस दिवसांत थेंब नाही, आणि यांनी पाइपाला नळी जोडून ती भिंतीलगत थेट खाली सोडलीय.

दोरी परत उजवीकडे बांधूया काकू. चैत्र लागलाय, तुमच्या कुरडया अजून दिसल्या नाहीत. आणि स्टूल काढू नका, हाक मारा. गाठ मी बांधते.

तिसऱ्या मजल्यावरून,
तिळूची आई