आधी चाळीस ओळींचा प्रोग्राम, मग सॉफ्टवेअर

महोदय,

अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांत ट्रान्समिशन लाइनचा (विद्युत लहर वाहून नेणाऱ्या लांब तारांचा) विषय हल्ली बऱ्याचदा तयार सॉफ्टवेअरवर उरकला जातो. रंगीत आलेख जर्नलला चिकटतो. ‘टाइम स्टेप (गणिताच्या एका पावलाचा वेळ) किती घेतली?’ असं तोंडी परीक्षेत विचारलं की मात्र शांतता. अशा तारेतलं व्होल्टेज आणि करंट कसे पुढे सरकतात ते सांगणारी हेविसाइडची टेलिग्राफर समीकरणं विद्यार्थ्यांनी एकदा स्वतः प्रोग्राम लिहून सोडवावीत. काम चाळीसेक ओळींचं आहे.

५० ओहमची १० मीटर कोअ‍ॅक्सियल केबल घ्या: मीटरला २५० नॅनोहेन्री, १०० पिकोफॅरड. लहरीचा वेग सेकंदाला २० कोटी मीटर. केबलचे १ सेंटिमीटरचे हजार तुकडे पाडा, व्होल्टेज तुकड्यांच्या टोकांवर, करंट मधोमध, आणि दोन्ही आळीपाळीनं पुढे न्या. टाइम स्टेप ५० पिकोसेकंद.

तीच ५१ करून पाहा. त्या वेळात खरी लहर १.०२ सेंटिमीटर जाते, प्रोग्राम मात्र एकच तुकडा ओलांडू शकतो. कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांनी १९२८ सालीच घालून दिलेली ही मर्यादा. ती मोडली की शेजारशेजारच्या बिंदूंवर धन-ऋण, धन-ऋण असे आकडे उमटतात आणि दर पावलाला जवळपास दीडपट होतात. शंभर पावलांत सगळं हाताबाहेर.

मग ‘सुरक्षित’ म्हणून २५ घेतात. उत्तर फुटत नाही, पण लहरीच्या मागे तरंग उठतात आणि ‘केबल रिंग होतेय’ (म्हणजे केबलच थरथरतेय) असा निष्कर्ष लिहिला जातो! केबल बिचारी निर्दोष आहे. छोट्या तरंगलांबीच्या लहरी प्रोग्राममधल्या तुकड्यांच्या जाळीवर मागे पडतात, एवढंच. इथे स्टेप आणखी बारीक करून भागत नाही. बरोबर ५० लाच लहरीची कड धारदार राहते.

दुसरी मेख टोकाला. शेवटच्या बिंदूच्या वाट्याला अर्धाच तुकडा येतो, म्हणजे १ नव्हे, ०.५ पिकोफॅरड. पूर्ण धरला तर टोकाला केबलइतकाच, ५० ओहमचा लोड लावूनही (तेव्हा लहर परत फिरायला नको) परावर्तन दिसतं.

पडताळा सोपा आहे. ५० ओहमच्या स्रोतातून १० व्होल्टची पायरी, टोकाला ७५ ओहम: केबलच्या सुरुवातीला आधी ५ व्होल्ट, लहर टोकावरून परत आल्यावर, १०० नॅनोसेकंदांनी, ६. तेवढीच केबल, फंक्शन जनरेटर आणि ऑसिलोस्कोप घेऊन हेच प्रयोगशाळेतही दिसतं. प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण या पडताळ्याला ठेवावेत, अशी अभ्यास मंडळांना विनंती.

– एक प्राध्यापक, पुणे