पाइपचं भाडं भरलं, आता जीबी का मोजता?

माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात धायरीला मी गेली अकरा वर्षं इंटरनेटच्या जोडण्या देतो. सी वर्गाचं, म्हणजे छोट्या भागापुरतं लायसन आहे, सहाशे घरं आहेत. परवा मला घाऊक बँडविड्थ, म्हणजे इंटरनेटचा पाइप, भाड्याने देणाऱ्या कंपनीचा मेल आला. पुढच्या एक तारखेपासून बिल एमबीपीएसवर, म्हणजे पाइपच्या क्षमतेवर नाही, तर वापरलेल्या जीबीवर, म्हणजे त्यातून किती डेटा गेला त्यावर. करार दोन वर्षांचा, त्यातले सातच महिने झालेत. फोन केला तर म्हणे, "वरून पॉलिसी आलीय."

दीड हजार एमबीपीएसचे मी महिन्याला 1 लाख 20 हजार भरतो. माझी घरं मिळून महिन्याला साधारण दीड लाख जीबी ओढतात. नव्या दराने जीबीला 1 रुपया 40 पैसे लावले की झाले 2 लाख 10 हजार. ग्राहकाकडून जीएसटी सोडून 499 घेतो, म्हणजे सगळे मिळून तीन लाखही होत नाहीत. त्यातून तीन पोरांचे पगार, लाइटबिल, लायसन फी. आणि हीच कंपनी आमच्याच गल्लीत 'अनलिमिटेड'चा बोर्ड लावून घरोघरी जोडण्या विकते! तिच्या ग्राहकाला मीटर नाही, मीटर फक्त मला. दुसऱ्या कंपनीची लाइन शेजारच्या नऱ्ह्यापर्यंतच आहे. तिथून आणायची तर रस्ताखोदाईचे पैसे कुठून भरू?

साहेब, खर्च जीबीचा नसतोच. रात्री नऊ ते अकराच्या गर्दीला पुरेल एवढी क्षमता उभी करण्याचा असतो. पहाटे तीनला कुणी शंभर जीबी उतरवले, तर त्या रिकाम्या लाइनीवर कंपनीचा जास्तीचा खर्च होत नाही. मंगल कार्यालय दिवसभरासाठी भाड्याने घेतल्यावर मालक पंगतीतली पानं मोजायला लागला, तर कोण ऐकून घेईल?

कॅनडात 2011 च्या जानेवारीत तिथल्या दूरसंचार नियामकाने छोट्या इंटरनेट कंपन्यांवर अशीच वापरावरची आकारणी लादली, वर त्या दरात 15 टक्के सूट दिली. लोक खवळले, जवळपास पाच लाख सह्या झाल्या, सरकारने फेरविचार करायला लावला. नोव्हेंबरमध्ये नियामकाने जीबीचा हिशेब सोडून क्षमतेवरच्या दराला मान्यता दिली. आपल्याकडेही ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, जून 2025 मध्ये सरकारच्या पीएम-वाणी योजनेतल्या सार्वजनिक वायफायवाल्यांना लागणाऱ्या इंटरनेटच्या दराला मर्यादा घातली: घरगुती फायबरच्या दराच्या दुपटीहून जास्त नाही. चहाच्या टपरीवरच्या वायफायला संरक्षण मिळतं, मग सहाशे घरं सांभाळणाऱ्याला का नाही?

दाद तरी कुठे मागू? स्पर्धा आयोगाकडे जावं, तर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की दूरसंचारातले प्रश्न आधी ट्रायने तपासायचे, मग आयोगाने. मोठ्यांच्या मागे वकिलांची फौज असते. निकाल लागेपर्यंत ते दहा वर्षं थांबतील, मी दोन महिनेही थांबू शकत नाही. प्रत्येक धंद्यात हेच चाललंय. आधी छोट्याने गल्लीबोळ फिरून गिऱ्हाईक तयार करायचं, मग मोठ्याने वरून नस दाबायची. सरकार भाषणात आम्हाला उद्योजक म्हणतं आणि नियम लिहिताना विसरतं.

ओएलटी, म्हणजे घरोघरच्या फायबर जोडण्या चालवणारं यंत्र, घेताना बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या, त्या अजून सुटल्या नाहीत. काल रात्री साडेदहाला एका काकूंचा फोन आला, "दादा, लाल दिवा लागलाय, मुलाचा अमेरिकेहून कॉल यायचाय." धो धो पाऊस. आमचा पोरगा खांबाला शिडी लावून वर चढला, वायर खाली घेतली, ताडपत्रीखाली बसून फायबरची केसाएवढी काच जोडली. मी छत्री आणि बॅटरी धरून उभा होतो. अकरा वाजून दहा मिनिटांनी काकूंचा दिवा हिरवा झाला. त्यांच्याकडून जास्तीचा एक रुपया घेतला नाही.

मागणी एवढीच. घाऊक दर क्षमतेवरच राहावा, आणि जी कंपनी आम्हाला विकते व आमच्याच दारात किरकोळही विकते, तिचे दोन्ही दर ट्रायने शेजारी शेजारी ठेवून तपासावेत. चालू करार मुदतीआधी मोडता येऊ नयेत. एक तारखेच्या आत उत्तर मिळावं. नवं बिल त्या दिवसापासून लागू होतंय.

आपला,
धायरीचा एक इंटरनेटवाला