बॉक्सवर ३००० वॅट, फ्यूज फक्त २० अँपियरचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसऱ्याच्या आधी तुमच्या पेपरात एक जाहिरात आली होती, गाडीचा म्युझिक सेट, अँप्लिफायर, सबवूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) आणि दोन डोअर स्पीकर मिळून "३००० वॅट". दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या दुकानात गेलात तरी हेच ऐकायला मिळतं. तर आमच्या भाच्यानं ती जाहिरात बघितली आणि जुन्या हॅचबॅकमध्ये तो सेट बसवून आला. तीन आठवड्यांत सबवूफर गप्प. दुकानदार म्हणे "स्पीकर कमी पडला, मोठा घ्या". भाचा तो खोका घेऊन माझ्याकडं आला, म्हणाला मामा बघा जरा.

माझं मिरजेत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, २२ वर्षं झाली, जळालेल्या कॉइलचा वास मला रस्त्यावरून येतो. सबवूफर उघडला तर कॉइल काळी ठिक्कर. मग अँप्लिफायर हातात घेतला, वर मोठ्या सोनेरी अक्षरात १००० वॅट, आणि बाजूला फ्यूज बघितला तर २० अँपियरचा! आता साधा हिशोब करा, इंजिन चालू असताना गाडीत फार तर १४.४ व्होल्ट, गुणिले २० म्हणजे २८८ वॅट, हे आत जाणारे. त्यातले या क्लास एबी (जास्त तापणाऱ्या प्रकारच्या) अँपमध्ये अंदाजे ६० टक्के स्पीकरपर्यंत पोचतात, बाकीची उष्णता. म्हणजे १७० च्या आसपास. १००० कुठं आणि १७० कुठं.

आणि ते ३००० कसे झाले माहितीय का? अँप १०००, सबवूफर १२००, दोन स्पीकर ४००-४०० चे. बेरीज केली! अहो अँप वॅट देतो आणि स्पीकर वॅट घेतो, ही बेरीज म्हणजे पंपाच्या एचपीत टाकीचे लिटर मिळवल्यासारखं झालं. शेतकऱ्याला ५ एचपीच्या मोटारीवर ५० लिहून विकली तर तो तीच मोटार उचलून दुकानदाराच्या काउंटरवर आपटेल, इथं मात्र पोरं खूश.

खरा आकडा आतल्या पुस्तिकेत बारीक अक्षरात होता, सबवूफर २५० वॅट आरएमएस, ४ ओहम (कॉइलचा विजेला होणारा विरोध). आरएमएस म्हणजे जेवढी पॉवर सतत सहन होते ती, १२०० म्हणजे पीक, क्षणभराचं काम. घरातले २३० व्होल्टसुद्धा आरएमएसच असतात, पीक मोजला तर ३२५ भरतील, म्हणून काय महावितरण आपल्याला ३२५ व्होल्ट देतो असं सांगते का?

आता लोक विचारतील की अँप १७० चा आणि सबवूफर २५० चा, मग जळला कसा, छोट्या अँपनं तर स्पीकर सेफ राहायला पाहिजे. इथंच सगळे फसतात. आवाज कमी वाटला म्हणून पोरांनी गेनचं बटण पूर्ण फिरवलं, वर बास बूस्ट (खर्ज वाढवायचं बटण) फुल. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, स्टीरिओतून येणाऱ्या सिग्नलशी अँप जुळवायचं ते बटण आहे. अँपची ताकद संपली की तो लाटेचा माथा सपाट कापतो, त्याला क्लिपिंग म्हणतात, आणि पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते. तीही एकसारखी, कॉइलला गार व्हायला उसंतच नाही. हळू वाजवला असता तर तोच छोटा अँप वर्षानुवर्षं चालला असता. डोअर स्पीकरमधला एक ट्वीटरही (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) गेलाय, तो बिचारा तर सगळ्यात नाजूक.

स्टीरिओवर लिहिलेलं "५० गुणिले ४" (चार चॅनलना प्रत्येकी ५० वॅट) पण असंच बरं का, आतल्या चिपमधून एका चॅनलला ४ ओहमवर २० वॅटच्या आसपास निघाले तरी खूप.

मी काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर झाला. २५० आरएमएसचा दुसरा सबवूफर, सिंगल कॉइल ४ ओहम, आणि ४ ओहमवर खरे ३०० आरएमएस देणारा मोनो (एकाच चॅनलचा) क्लास डी अँप, हा प्रकार कमी तापतो. भाच्याला ड्युअल कॉइलवाला हवा होता, पण ४-४ ओहमच्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या की २ ओहम होतात आणि अँप ४ च्या खाली चालत नसेल तर तो प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतो, नाहीतर धूर काढतो. मग स्पीकरची वायर काढून, बास बूस्ट शून्यावर ठेवून, ५० हर्ट्झचा टोन लावला, स्टीरिओ पाऊण व्हॉल्यूमवर, आणि अँपच्या आउटपुटला मल्टिमीटर एसीवर लावून गेन हळूहळू वाढवला, ३१ व्होल्टला थांबलो (२५० गुणिले ४ चं वर्गमूळ, साडेएकतीसच्या वर जातं). जुनी पॉवर वायर ब्लेडनं खरवडली तर आत पांढरी, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, तीही बदलली, आणि बॅटरीपासून फूटभरावर फ्यूज टाकला, जो आधी नव्हताच. हे बघून मला घाम फुटला, शॉर्ट झालं असतं तर गाडीच पेटली असती.

आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, जेमतेम कानाला कळतो. सतार-तंबोऱ्याच्या गावात राहून पोरांना हे सांगावं लागतं!

फ्रिजवर स्टारचं लेबल असतं तसं या बॉक्सवर आरएमएस किती, किती ओहमवर, किती व्होल्टवर हे मोठ्या अक्षरात छापायला लावलं पाहिजे. अमेरिकेत त्यासाठी सीईए-२००६, आता सीटीए-२००६, नावाचं कंपन्यांनी स्वखुशीनं पाळायचं स्टँडर्ड आहे (ते साल नव्हे, नंबर आहे), १४.४ व्होल्ट, ४ ओहम, डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती) १ टक्क्याच्या आत असं मोजून मगच आकडा लिहायचा. आपल्याकडे सरकार करेल तेव्हा करेल, तुम्ही निदान जाहिरात घेताना आरएमएस विचारा की. ती काळी कॉइल माझ्या काउंटरवरच ठेवलीय, तुमच्या जाहिरात विभागातलं कुणी मिरजेला आलं तर दाखवतो, चहा माझ्याकडून.

आपला,
एक रिवाइंडिंगवाला, मिरज