दोन किलोची लेन्स आणि एकादशीची भरती

मा. संपादक,
नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत परत तेच वाचलं, की फोटो कॅमेऱ्याने नाही तर नजरेने निघतो. ऐकायला बरं वाटतं हो, पण ज्याने किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती साधी) घेऊन हॉलमधलं लग्न काढलंय त्याला विचारा. मी काढलंय. मावसबहिणीचं लग्न, नौपाड्यातला हॉल, पिवळे दिवे, हातात तीच १८-५५ एमएमची लेन्स, ती पूर्ण झूम केली की एफ ५.६ च्या खाली उतरतच नाही (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), म्हणजे शटर १/१५ सेकंद उघडं, आणि अंतरपाट दूर होताना स्थिर कोण उभं राहतं? मला तो क्षण बरोब्बर दिसला होता, नजरेत काही कमी नव्हती, फोटोत मात्र दोन मुंडावळ्या आणि बाकी सगळा धूर. मावशी अजून बोलून दाखवते.

मग फोर्टला बोराबाजारात जाऊन सेकंडहँड ५० एमएम एफ १.८ घेतली. एफ ५.६ च्या मानाने तिच्यातून जवळजवळ दहापट उजेड आत येतो, म्हणजे जिथे १/१५ मिळायचा तिथे १/१२५ आरामात. पुढच्या बारशाला फोटो खणखणीत आले, आणि मी मधल्या काळात काही शहाणा झालो नव्हतो, लेन्स बदलली होती बस.

आणि जुन्या लोकांची उदाहरणं देताना जरा जपून. होमाई व्यारावाला, आपल्या देशातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर, २०११ साली पद्मविभूषण मिळालं, त्यांच्याकडे स्पीड ग्राफिक हा मोठा कॅमेरा असायचा. आज तो कपाटात ठेवायची शोभेची वस्तू वाटतो, पण त्या काळी प्रेसवाल्यांचं ते एकदम प्रोफेशनल हत्यार होतं. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचा लायका कॅमेरा तरी कुठे स्वस्तातला होता! त्यांनी साध्या डब्यावर कमाल केली असं नाही, कामाला लागेल ते चांगलंच घेतलं होतं.

आता माझीच फजिती सांगतो. पन्नासने डोक्यात हवा गेली आणि मी फ्लेमिंगोंसाठी १५०-६०० एमएमची मोठी झूम लेन्स घेतली. जवळजवळ दोन किलो वजन, किंमत बायकोला अजून नीट सांगितलेली नाही. राहायला नेरूळलाच, त्यामुळे रविवारी आरामात नाश्ता करून अकराला टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे खाडीवर हजर. ओहोटी लागलेली, पक्षी पार आत चिखलात, ऊन डोक्यावर. घरी येऊन बघतो तर सगळे गुलाबी ठिपके लिबलिबीत. लेन्स खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडून आलो, नंतर कळलं की चिखल तापला की वरची हवा थरथरते, आणि ६०० एमएमने पक्षी जवळ ओढला तरी मधली थरथरणारी हवा काही जात नाही. त्यावर कुठल्याच कंपनीकडे लेन्स नाही.

शेवटी उपाय सांगितला आमच्या ओळखीच्या एका कोळी काकांनी, आणि त्यांनी आयुष्यात कॅमेरा हातात धरलेला नाही. तिथीची पाऊणपट कर म्हणाले, भरतीची वेळ निघते. एकादशी म्हणजे सव्वाआठ, खाडीत थोडं पुढेमागे. पाणी चढायला लागलं की चिखल कमी होतो आणि पक्षी आपणहून काठाकडे सरकतात, सकाळी ऊनही आपल्या पाठीमागून असतं. तसा एकदा साडेसहालाच जाऊन बसलो, आणि लेन्स ६०० पर्यंत न्यावीच लागली नाही, बरेचसे फोटो ३००-४०० वरच निघाले, म्हणजे अर्धे पैसे वाचले असते.

(मोठी लेन्स घेणाऱ्यांनी आपल्याकडचा पावसाळाही धरून चालावा. माझी जुनी १८-५५ कपाटातच बुरशी लागून गेली. आता सगळं सामान सिलिका जेलच्या पुड्या टाकून स्वयंपाकघरातल्या हवाबंद डब्यात असतं, त्यावरून होणारी भांडणं वेगळी.)

तर उजेड कमी असेल किंवा पक्षी लांब असेल तर लेन्स लागते, उगाच नजरेचं कौतुक नको. चुकीच्या वेळी गेलात तर मात्र लाखाची लेन्सही गप्प बसते. माझी विनंती एवढीच, वाचकांचे फोटो छापता तेव्हा खाली कॅमेऱ्याचं आणि लेन्सचं नाव असतं, ते खुशाल द्या, पण सोबत किती वाजता काढला तेही छापा, आणि खाडीचा असेल तर तिथी.

आपला,
एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई