खंड्या नव्हे, नवरंग!

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात तिसऱ्या पानावर ‘दुर्मिळ विदेशी खंड्याला जीवदान’ हा मथळा वाचला आणि हातातला चहा तसाच निवला. रात्री झोपून उठलो की राग उतरतो असा माझा अनुभव आहे. आज सकाळी बातमी पुन्हा वाचली, उतरलेला नाही. म्हणून हे पत्र.

छायाचित्र तुम्हीच छापले आहे, एकदा नीट बघा. हिरवी पाठ, बदामी पोट, डोक्यावर मधोमध काळा पट्टा, डोळ्यावरून दुसरा जाड काळा पट्टा, पांढरा गळा, खांद्यावर निळा तुकडा आणि शेपटीच्या बुडाशी कुंकू सांडल्यासारखे लाल. खंड्याची ती भाल्यासारखी चोच कुठे आहे? पावसाळ्यात आमच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, मातीच्या काठाला बीळ करणारा तिबोटी खंड्या बातमीदाराने कधीतरी पाहिला असेल. तोही रंगीत, तोही आखूड शेपटीचा, इथपर्यंत मी समजून घेतो. पण तुमच्या फोटोतला पक्षी नवरंग आहे. ‘नव’ म्हणजे नऊ. शाळेत मुलांना चित्र दाखवून मोजायला लावायचो, तर कोणी सात मोजायचे, कोणी अकरा. खंड्या मात्र एकानेही म्हटले नाही, आणि ती चौथीची मुले होती.

गंमत म्हणजे तुमच्याच रविवारच्या शब्दकोड्यात मध्यंतरी ‘नऊ रंगांचा पक्षी, चार अक्षरी’ अशी उभी ओळ आली होती. म्हणजे कोडेवाल्याला ठाऊक आहे. तो आणि बातमीदार एकाच इमारतीत बसत असतील, तर दोघांनी एकदा एकत्र चहा घ्यावा.

आता ‘दुर्मिळ’. धोक्यातल्या प्राण्यांची जी जागतिक लाल यादी असते, तिच्यात नवरंग सर्वांत कमी काळजीच्या रकान्यात आहे. तो दुर्मिळ नाही, दिसत नाही इतकेच. झाडोऱ्याखाली, सावलीत, जमिनीवर टुणटुण उड्या मारत पाचोळा उलटायचा आणि खालचे किडे, गांडुळे टिपायची, हा त्याचा उद्योग. दिसत नसला तरी ऐकू येतो. मृगाच्या आसपास आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पहाटे आणि तिन्हीसांजेला मान मागे टाकून दोन सुरांची शीळ घालतो. एकाने घातली की पलीकडून दुसरा उत्तर देतो. तमिळ लोक तर त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’च म्हणतात. तुमचा अंक आमच्या सत्तरी तालुक्यात यायला नऊ वाजतात, नवरंग मात्र वेळ पाळतो.

आणि ‘विदेशी’? १७६६ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिले. त्याच्या आजच्या शास्त्रीय नावातला ‘पिट्टा’ हा शब्द तेलुगू, अर्थ पक्षी. हिमालयाच्या पायथ्याला, मध्य भारतातल्या डोंगरांत आणि सह्याद्रीत कर्नाटकापर्यंत तो पावसाळ्यात वीण करतो. वाळक्या पानांचा आणि काटक्यांचा गोळा, बाजूने दार, असे त्याचे घरटे. पाऊस सरला की दक्षिणेकडे निघतो, काही पार श्रीलंकेत जातात. श्रीलंकेला गेला म्हणून विदेशी म्हणायचे, तर पोर्तुगीज पासपोर्टावर लंडनला गेलेल्या पोरांमुळे गोव्यातली किती घरे विदेशी ठरतील ते मोजा.

पण हे सगळे मी एक वेळ पोटात घातले असते. घालू दिले नाही ते बातमीतल्या एका वाक्याने. ‘चोचीत पाणी घालून, भाताची शिते भरवून पक्ष्याचे प्राण वाचवण्यात आले.’

महोदय, मी हेच केले होते. चार वर्षांपूर्वी दसऱ्यानंतरची गोष्ट. मुलाने हौसेने मागच्या सोप्याला काचेचे सरकते दार बसवले, कुळागर दिसावे म्हणून. कुळागर आम्हाला दिसते तसे काचेत पक्ष्यांनाही दिसते, हे कोणाच्या डोक्यात आले नाही. सकाळी सातच्या सुमारास ‘टप’ असा आवाज झाला. बाहेर जाऊन पाहतो तर पायरीवर नवरंग, डोळे अर्धे मिटलेले, चोच उघडी. उचलला तर हातात काही आहे असे वाटेना. ५०-६० ग्रॅमचा जीव. मला वाटले, बिचाऱ्याला तहान लागली असेल. चमच्याने पाणी घातले. एकदा घातले, घोट गिळल्यासारखा वाटला, म्हणून पुन्हा घातले. त्याने दोनदा मान झटकली आणि माझ्या हातातच गेला. बेशुद्ध पक्ष्याच्या चोचीत घातलेले पाणी श्वासनलिकेत जाते, हे मला नंतर एका माजी विद्यार्थ्याने सांगितले. तो वनखात्यात आहे. कानकोंडा होऊन सांगत होता, कारण मी त्याचा मास्तर. आमच्या सौ.ला असला संकोच नाही. ‘तुमी सुकणें चमच्यान बुडयलें’ (तुम्ही पक्षी चमच्याने बुडवलात), हे वाक्य मी आजही महिन्यातून एकदा ऐकतो.

करायचे होते ते अगदी सोपे होते. चपलांचा रिकामा खोका, झाकणाला चार भोके, तळाशी जुने कापड. पक्षी आत ठेवून खोका अंधाऱ्या, शांत जागी ठेवायचा आणि तासभर त्याच्याकडे बघायचे नाही. मूठ आवळून फोटो नको, शेजाऱ्यांना बोलावणे नको. धक्क्यातून सावरला की आत खुडबुड करू लागतो. मग झाडीपाशी नेऊन झाकण उघडायचे. तासाभरानेही हलत नसेल तर वनखात्याला फोन करायचा. तुमच्या चौकटीत सल्ला काय, तर ‘असा पक्षी सापडल्यास चोडणच्या पक्षी अभयारण्यात सोडावा’. म्हणजे वाळपईहून खोका घेऊन रायबंदर, तिथून फेरीबोट! चोडणला खारफुटी आहे, चिखल आहे, सलीम अलींचे नाव आहे. नवरंगाने उलटायला पाचोळा कुठे आहे?

त्या दिवसानंतर मी दाराच्या बाहेरच्या बाजूने सुंभाचे तुकडे टांगले, चार-चार बोटांच्या अंतरावर, वरपासून खालपर्यंत. मुलगा म्हणाला, घराचा गोठा केलात. असेल. पण त्यानंतर एकही पक्षी आपटलेला नाही.

आमच्या कुळागराला लागून दोन वर्षांपूर्वी भाड्याचा मोठा बंगला उभा राहिला. दोन मजली काच, आणि रात्रभर झाडांवर मारलेले फोकस. नवरंगाचा प्रवास रात्रीचा. दमलेला पक्षी उजेड बघून खाली उतरतो आणि पहाटे त्या काचेवर जातो. गेल्या ऑक्टोबरात मी त्यांच्या कुंपणाशी तीन मेलेले पाहिले. दोन नवरंग, एक बहुतेक माशीमार, पार चेंदामेंदा झालेला. सुंभाचे भेंडोळे घेऊन मी स्वतः गेलो, म्हटले मी बांधून देतो, फुकट. मॅनेजर नम्रपणे हिंदीत म्हणाला, ‘सर, गेस्ट को व्ह्यू चाहिए.’ निदान दहानंतर फोकस तरी बंद करा म्हटले, तर मालकांना विचारतो म्हणाला. तो अजून विचारतोच आहे. वर त्यांचा माळी सकाळी यंत्राच्या सोंडेने पाचोळा उडवून एका कोपऱ्यात जाळतो. पोफळीच्या बुडाला पाचोळा घालायला आम्ही धडपडतो, आणि इथे तो कचरा! नवरंगाच्या ताटाखालून पाटच काढून घेतला की हो.

पंचायतीला अर्ज दिला आहे. त्याविषयी तुम्हालाही श्रावणात एक पत्र पाठवले होते. ते छापले नाही, जागा नसेल. शब्दकोड्याला मात्र जागा असते, आणि त्याचे उत्तर पुढच्या रविवारी भलत्याच कोड्याचे येते. गेल्या महिन्यात दोनदा झाले. चौकोनही इतके बारीक केलेत की ‘क्ष’ बसत नाही.

असो. खुलासा छापणार असाल तर ‘खंड्या’च्या जागी ‘नवरंग’ एवढेच करून थांबू नका. सध्या त्यांच्या जाण्याचे दिवस आहेत, या आठवड्यातही कुठेतरी कोणाच्या तरी पायरीवर एखादा पडेल. हे पत्र लांबले आहे, कापावे लागेल, कळते मला. शब्दकोड्याचे कापा, बंगल्याचेही हवे तर कापा. चमच्याचे आणि खोक्याचे तेवढे राहू द्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सत्तरी
(नाव छापू नये. बंगल्याचा मॅनेजर मराठी वाचत नाही, पण आमची सौ. वाचते.)