राजपथावर पायी चालायचे कुठून?

महोदय,

पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंतचा राजपथ ही साताऱ्याची मुख्य बाजारपेठ. कापड, सोने, भांडी, कंदी पेढे, सगळी खरेदी इथेच. पोवई नाक्यावरचा ग्रेड सेपरेटर (चौकाखालून जाणारा भुयारी रस्ता) २०२१ मध्ये खुला झाला आणि तिथली कोंडी बरीच सुटली, हे मान्यच. पण नाका ओलांडून बाजारात शिरले की रस्ता तेवढाच आहे आणि गाड्या मात्र वाढतच आहेत.

परवा संध्याकाळी आईला घेऊन मोती चौकाकडे निघालो होतो. तिचे वय ७८, हातात काठी. फुटपाथवर दुचाकी आडव्यातिडव्या लावलेल्या, म्हणून आम्ही रस्त्यावर उतरलो. तिथे मालाचा टेम्पो भर गर्दीच्या वेळी उतरवणे चालू. मागून हॉर्नवर हॉर्न. एका दुचाकीचा आरसा तिच्या कोपराला घासून गेला आणि काठी हातातून निसटली. शेजारच्या दुकानदाराने धावत येऊन स्टूल दिले, पाणी दिले. त्यांचे उपकार विसरणार नाही.

मालवाहू गाड्यांना सकाळी दुकाने उघडण्याआधीची वेळ ठरवून द्यावी. सम-विषम तारखेचे पार्किंग नुसत्या पाटीपुरते नको, रोज पाळले जावे. फुटपाथ तर आधी मोकळे करा. व्यापाऱ्यांनाही विनंती, आपली स्वतःची गाडी दिवसभर दुकानासमोर ठेवू नये. ती जागा गिऱ्हाइकाची आहे.

आई आता बाजारात यायला नकोच म्हणते.

– एक वाचक, सातारा